केरूनाना छत्रे : जीवनपरिचय आणि समुद्राच्या पातळीचा हिशोब



आज आपण केरो लक्ष्मण छत्रे यांच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू, एवढीच त्यांची ओळख बहुतेक पुस्तकांत एका ओळीत दिलेली असते. पण भूगोल शिकवताना मला त्यांची आठवण दुसऱ्याच एका धड्याला होते. तो धडा म्हणजे जगभर समुद्राची पातळी वाढत आहे आणि २१०० सालापर्यंत ती अमुक इतकी वाढेल, असा अंदाज सांगणारा.

हा धडा सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. सर, आपलं चितेगाव कुठं आणि समुद्र कुठं? प्रश्न बरोबरच आहे. पैठण रोडवरच्या आपल्या गावापासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तो अजून पाहिलेलाही नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्टेशनवर गेलात तर गावाचं नाव लिहिलेली पिवळी पाटी नीट बघा. नावाखाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती साडेपाचशे मीटरच्या वर आहे. आता सांगा, ही सपाटी म्हणजे नेमकं कुठलं पाणी? समुद्र तर दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा खाली उतरतो. मग कोणत्या वेळचं पाणी धरायचं? हा प्रश्न डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर अलिबागजवळच्या नागावला चला.

नागाव हे आजच्या रायगड जिल्ह्यातलं गाव. पूर्वी या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या पलीकडे समुद्र. या गावात १८२५ च्या सुमारास केरूनानांचा जन्म झाला. त्यांचं पाळण्यातलं नाव विनायक. पण लोक त्यांना केरो आणि पुढे आदराने केरूनाना म्हणू लागले. मराठीतले सुरुवातीचे गद्यलेखक, बाळमित्र लिहिणारे सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे याच घराण्यातले. तेव्हा पुस्तकाची आणि लिहिण्याची आवड घरातच होती असं म्हणायला हरकत नाही.

किनाऱ्यावरच्या मुलाला एक गणित शाळेत जायच्या आधीच येतं. तुम्हाला ते माहीत नसेल म्हणून सांगतो. कोकणातले कोळी आणि शेतकरी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. आज कोणती तिथी आहे ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती पूर्ण होणार. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. का बरं असं? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पन्नास मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. झाला की नाही पाढा! ज्याला घड्याळ परवडत नव्हतं त्यानेही हा हिशोब करून होडी लोटली आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला भांग.

म्हणजे बघा, समुद्राची वेळ पंचांगात लिहिलेली असते. पंचांगातली तिथी चुकली तर भरतीची वेळ चुकणार. हे मी मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतो, कारण केरूनानांचं पुढचं सगळं आयुष्य पंचांग आणि आकाश यांचा मेळ घालण्यात गेलं.

शिक्षणासाठी ते मुंबईला आले. तिथे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते गणित आणि ज्योतिष शिकले. इथे ज्योतिष म्हणजे पत्रिका बघणं नव्हे हं! ग्रहताऱ्यांची गणितं. मुंबईच्या कुलाबा भागात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा काढली होती. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ कळावी हा तिचा मूळ हेतू. पुढे तिथे हवेचा दाब, तापमान, पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या नोंदी सुरू झाल्या. ऑर्लेबारसाहेबांकडे वेधशाळेचं काम होतं आणि त्यांनी हा हुशार मुलगा मदतनीस म्हणून घेतला. तेव्हा केरूनानांचं वय जेमतेम पंधरा-सोळा होतं, म्हणजे आपल्या दहावीतल्या मुलाएवढं. सुमारे दहा वर्षं त्यांनी तिथे काम केलं.

हे काम कसलं होतं याची कल्पना करा. ठरलेल्या वेळी यंत्रापाशी जायचं, काटा कुठे आहे ते बघायचं, वहीत आकडा लिहायचा. पुन्हा ठरलेल्या वेळी जायचं, पुन्हा आकडा. दिवसा आणि रात्रीही. पावसाळा असो, सण असो, आकडा चुकवायचा नाही आणि मनचा लिहायचा नाही. यात काहीही थरारक नाही. मला तर वाटतं, आपल्याकडच्या चरित्रांतून असं काम नेहमी गाळलं जातं आणि मोठ्या माणसाला एकदम शोध लागला असं लिहिलं जातं. केरूनानांच्या बाबतीत मात्र हीच दहा वर्षं खरी शाळा ठरली. एका नोंदीला काही अर्थ नसतो. हजार नोंदी झाल्या की त्यातून रेषा दिसू लागते, हे त्यांच्या अंगात तिथे मुरलं.

त्याच सुमाराला, १८४८ साली, मुंबईत ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली. नव्या शास्त्रांची माहिती आपल्या भाषेत लोकांना द्यावी, यासाठी शिकलेली तरुण मंडळी जमत आणि निबंध वाचत. केरूनानांनी या सभेत हवा, कालज्ञान अशा विषयांवर निबंध वाचले आणि त्यातला एक विषय होता भरती-ओहोटी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, मराठीतून! तेव्हा या शास्त्रांना धड मराठी शब्दही नव्हते. पुढे त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर शाळेसाठी मराठी पुस्तकं लिहिली.

मुंबईहून ते पुण्याला आले आणि उरलेलं आयुष्य मुख्यतः शिक्षक म्हणूनच जगले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा, मग इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मग डेक्कन कॉलेज अशा ठिकाणी त्यांनी गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवलं. गंमत अशी की त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबई विद्यापीठच १८५७ साली निघालं, तोवर ते स्वतः शिकवू लागले होते. १८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात त्यांच्यापुढे बसलेल्या मुलांत बाळ गंगाधर टिळक होते. टिळकांची गणिताची आणि ज्योतिषाची आवड या वर्गात पक्की झाली.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू.

त्या काळी महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं ग्रहलाघव नावाच्या ग्रंथावरून करत. हा ग्रंथ गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली लिहिला. तेही कोकणचेच, मुरूडजवळच्या नांदगावचे, म्हणजे केरूनानांच्याच किनाऱ्यावरचे. गणेश दैवज्ञ मोठे वेधकर्ते होते. जुन्या ग्रंथांतलं गणित आकाशाशी जुळत नाही हे पाहून त्यांनी आपल्या काळापुरतं ते दुरुस्त केलं होतं. पण त्यालाही सव्वातीनशेहून अधिक वर्षं लोटली होती. पंचांगात सांगितलेलं ग्रहण आणि आकाशात दिसणारं ग्रहण यांच्या वेळेत फरक पडत होता. ग्रह पंचांगात एका जागी, आकाशात दुसऱ्या जागी.

फरक का पडतो? एकच कारण नीट समजून घेऊ. सूर्यसिद्धान्तात वर्षाची जी लांबी धरली आहे ती खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेतीन मिनिटांनी जास्त आहे. वर्षभरात साडेतीन मिनिटं! एवढ्याने काय होतं, असं कोणालाही वाटेल. एका वर्षात कोणाला कळतसुद्धा नाही. एका माणसाच्या आयुष्यातही कळणार नाही. पण वही काढा आणि गुणाकार करा. गणेश दैवज्ञांपासून केरूनानांपर्यंत साधारण ३४५ वर्षं. ३४५ गुणिले साडेतीन मिनिटं, म्हणजे जवळजवळ वीस तास झाले. हजार वर्षांत दोन दिवसांच्या वर जातात. चूक कधीच मोठी नव्हती, ती फक्त दरवर्षी त्याच दिशेला होत होती.

हे आपल्या विषयाचं मर्म आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. समुद्राच्या पातळीचंही असंच आहे. दिवसाला समुद्र मुंबईत उधाणाच्या वेळी चार-साडेचार मीटर वरखाली होतो. त्या उलथापालथीत वर्षाची एखाद-दोन मिलिमीटरची वाढ कोणाच्या डोळ्याला दिसणार? किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसालाही ती दिसत नाही. ती फक्त वहीत दिसते, आणि वही सलग असेल तरच.

केरूनानांनी काय केलं? युरोपात नव्या वेधांवरून तयार झालेल्या कोष्टकांचा अभ्यास करून त्यांनी मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ तयार केला. तो १८६० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या पंचांगकर्त्याला आपल्याच पद्धतीने, पण अचूक आकड्यांनी, सूर्य-चंद्र-ग्रहांची जागा काढता यावी अशी ही कोष्टकं होती. रीत अशी असते : आधी मध्यम ग्रह काढायचा, म्हणजे ग्रह सरासरी वेगाने चालला तर कुठे असेल ते. मग त्याला संस्कार द्यायचे, म्हणजे वेगातल्या कमीजास्तीची दुरुस्ती करायची. तेव्हा कुठे खरा, म्हणजे स्पष्ट ग्रह मिळतो.

नुसती कोष्टकं करून ते थांबले नाहीत. १८६५ सालापासून आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने नव्या गणिताचं पंचांग निघू लागलं. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. आणि इथे केरूनानांना लोकांचा अनुभव आला. पंचांग अचूक होतं, ग्रहण सांगितल्या वेळी लागत होतं, तरी ते घेणारे फार थोडे. कारण या पंचांगात संक्रांत तीन-चार दिवस आधी येई, कधी अधिक महिनाच वेगळा येई. मग सण कोणत्या दिवशी करायचा? शेजारी एक दिवस, आपण दुसऱ्या दिवशी? लोकांनी जुनंच पंचांग चालू ठेवलं. न्यायाने सांगायचं तर सगळा दोष लोकांचा नव्हता. राशिचक्र कोणत्या ताऱ्यापासून मोजायला सुरुवात करायची, यावर जाणकारांतही खरा मतभेद होता. केरूनानांनी रेवतीचा एक तारा धरला. इतरांना तो मान्य नव्हता. शून्य कुठे मानायचं हा वाद आकाशात आहे तसा समुद्रातही आहे, ते पुढे येईलच. टिळकांनी गुरूंचं हे काम पुढे नेलं. आजही रत्नागिरीकडे टिळक पंचांग मानणारी घरं आहेत आणि एखाद्या वर्षी त्यांचा गणपती इतरांच्या महिनाभर आधी येऊन जातो!

सरकारने १८७७ साली केरूनानांना रावबहादूर ही पदवी दिली. दोनेक वर्षांनी ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या अखेरच्या काळात मुंबईत एक गोष्ट घडली. तिच्याशी त्यांचा थेट संबंध नव्हता, ते पुण्यात होते. पण कामाची जात तीच. १८७८ सालापासून मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्राच्या नोंदी मिळतात. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक आहे. यंत्र साधं असतं. एका विहिरीसारख्या नळीत तरंगता गोळा, पाणी चढलं की तो चढतो, उतरलं की उतरतो, आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढते. विहीर कशासाठी, तर लाटांची खळबळ आत येऊ नये आणि फक्त पाण्याची उंची यावी. वर्षानुवर्षांच्या या नोंदींची सरासरी काढली की मिळते ती मध्यम समुद्रपातळी. केरूनानांचा मध्यम ग्रह आठवतो ना? तोच शब्द. देशाची उंची मोजण्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाने मुंबईसह नऊ बंदरांवरच्या अशा नोंदींचा आधार घेतला. आपल्या स्टेशनच्या पाटीवरच्या आकड्याचं शून्य तिथून आलं आहे.

मुंबईच्या या लांब नोंदीतून काय दिसतं? पातळी वर्षाला साधारण एक मिलिमीटरच्या आसपास वाढत आली आहे. जगाची सरासरी बघितली तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे वीस सेंटीमीटर चढला. पण खरी काळजीची गोष्ट वेगाची आहे. १९०१ ते १९७१ या काळात हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, मग २००६ पर्यंत १.९ झाला, आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७. म्हणजे पंचांगाच्या चुकीसारखा सरळ गुणाकार इथे चालणार नाही. ३.७ ला ७५ वर्षांनी गुणलं तर पावणेअठ्ठावीस सेंटीमीटर येतात, पण गुणायचा आकडाच दर काही वर्षांनी मोठा होतो आहे.

वाढतो का? दोन कारणं मुख्य. पाणी तापलं की फुगतं. समुद्र तापतो आहे म्हणून तो जागच्या जागी फुगतो आहे. दुसरं, जमिनीवरचं बर्फ वितळून समुद्रात येतं : डोंगरांतल्या हिमनद्या, ग्रीनलंड, अंटार्क्टिका. पाण्यावर तरंगणारं बर्फ वितळलं तर पातळी जवळपास वाढत नाही. घरी पेल्यात बर्फाचे खडे टाकून पेला काठोकाठ भरा आणि बघा, खडे विरघळले तरी पाणी सांडत नाही. पण एकट्या ग्रीनलंडच्या जमिनीवरचं सगळं बर्फ वितळलं तर जगातला समुद्र सुमारे सात मीटर चढेल. त्याला शतकानुशतकं लागतील, ही गोष्ट वेगळी.

हवामान बदलावर काम करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२१ च्या अहवालात २१०० सालाचे अंदाज दिले. शून्य कुठलं धरलं, तर १९९५ ते २०१४ या वर्षांची सरासरी पातळी. शून्य आधी सांगायचं आणि मग आकडा, हा शिरस्ता इथेही आहे. इंधन जाळणं फार लवकर कमी केलं तर समुद्र २८ ते ५५ सेंटीमीटर चढेल. भरमसाट जाळत राहिलो तर ६३ सेंटीमीटर ते १ मीटर १ सेंटीमीटर. बर्फाचे मोठे थर अपेक्षेपेक्षा लवकर ढासळले तर दोन मीटरच्या जवळची वाढही नाकारता येत नाही, असंही त्यात नोंदवलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, एवढे वेगवेगळे आकडे कसे? यांना नक्की सांगता येत नाही का? हा प्रश्न मला फार आवडतो. केरूनानांच्या कोष्टकात एका दिवसाला चंद्राची एकच जागा निघते. १८६० मध्ये बसून १९६० ची निघते. कारण आपण काहीही केलं तरी चंद्राला फरक पडत नाही. आपण कोळसा जाळा की जाळू नका, चतुर्थी येणार तेव्हाच येणार आणि भरतीही. समुद्राच्या मध्यम पातळीचं तसं नाही. तिच्या गणितात चंद्र नाही, आपण आहोत. थोडी अनिश्चितता बर्फाच्या वागण्याची आहे, ती शास्त्रज्ञ मान्यच करतात. पण २८ आणि १०१ यांच्यामधली बरीचशी दरी माणसं पुढे काय करतील याची आहे. म्हणून त्या तक्त्यात एकाऐवजी अनेक रकाने आहेत. २०५० पर्यंत हे रकाने एकमेकांना चिकटून चालतात, पंधरा ते तीस सेंटीमीटरच्या आत. फाटे फुटतात ते त्यानंतर.

आणि तीस सेंटीमीटर म्हणजे आपली एक फूटपट्टी. एवढ्याशा वाढीने काय बिघडतं? पुन्हा नागावच्या बाजूला बघा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या मातीचे बांध घालून समुद्र अडवला आणि आत भात पिकवला. बांधाची उंची ठरते ती उधाणाच्या पाण्यावरून. उधाणात बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन नापीक होते. उधाण ज्या पातळीवरून उठतं तीच एक फूट वर सरकली, तर जे पाणी बांधावरून क्वचित यायचं ते वरचेवर येईल. समुद्र गाव बुडवेल तेव्हा बुडवेल, शेत आधी जातं. आणि आपण लांब आहोत म्हणाल, तर चितेगावच्या कारखान्यांतून बाहेर देशी जाणारा माल न्हावा-शेव्याच्या बंदरातूनच चढतो, आणि आपल्या गल्लीत असं घर शोधून दाखवा ज्याचं मुंबईत कोणी नाही.

आता वहीत तीन रकाने आखा. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून रोजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा आणि पहिल्या रकान्यात लिहा. मुंबईच्या भरतीची वेळ वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर मिळते, ती दुसऱ्यात. पंधरा दिवस, एकही दिवस न चुकवता. काही दिवशी वेळ जवळपास जुळेल, काही दिवशी बरीच हुकेल. जितकी मिनिटं हुकली तितकी तिसऱ्या रकान्यात लिहून आणा, आणि कोणत्या तिथीला जास्त हुकते ते वर्गात सांगा.